कपाटातला प्रॉम्प्टर

आयर्लंडला उतरल्यावर आठच दिवसांत माझ्या मुलाने मला शिक्षिका करून टाकलं. २०२०चा फेब्रुवारी होता. रथसप्तमी उलटून गेली होती, पण तिकडे ज्या शनिवारी सगळ्यांना सवड तीच संक्रांत. डब्लिनच्या ब्युमॉन्टमध्ये त्याच्या मित्राकडे हळदीकुंकू होतं आणि त्यासाठी आम्ही मुलाच्या गावाहून, लेटरकेनीहून, तीन तास गाडी हाकत गेलो होतो. घरच्या बाईंनी हातात वाण देताना सहज विचारलं, "काकू, तुम्ही नागपूरला जॉब करायच्यात का?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा मागून म्हणाला, "आई शाळेत होती. टीचर."

मी तिळाचा लाडू तोंडात कोंबला. नाहीतर तिथेच सांगितलं असतं की बाई, मी सातवी नापास आहे.

परतताना गाडीत मी विचारलं, "काहून रे बाबू, कोनत्या शाळेत होती मी?"

"आई, प्लीज. आत्ता नको ना."

सून खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं माहीत होतं, पण मायलेकांच्या मधे ती कधी पडत नाही.

मी शाळेत नाही, नाटकात होते. झाडीपट्टीच्या नाटकात. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे नाटक माहीत नसतं, आणि माहीत झालं की ते नाक मुरडतात, म्हणून जरा सांगते. झाडीपट्टी म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा धानाचा मुलूख. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे गावोगाव नाटकं लागतात. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की बैलांची शर्यत, घरी पाहुणे आले की त्यांना नाटक दाखवायलाच हवं. कंपनीच्या गाडीतून आज या गावी, उद्या त्या गावी, अशी अठ्ठावीस वर्षं मी काढली. चोविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा म्हातारी दिली, कारण म्हातारी करणारी बाई ऐनवेळी आली नाही. लोक एवढे हसले की मालकाने मला पुन्हा तरुण होऊच दिलं नाही. नायिका दर दोन वर्षांनी बदलायच्या, म्हातारी मीच.

माझा नवरा त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होता. एका मोसमात दहा-बारा नाटकं, तालमीला एखादा दिवस मिळाला तर मिळाला. पाठ कोण करणार? तेव्हा विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, दबक्या आवाजात वाक्य देतो आणि नट ते उचलून असं फेकतो, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हे याच्याच मनातलं आलं. आमच्यात पाठांतराला मान नाही, उचलीला आहे. नवरा नुसतं वाक्य द्यायचा नाही, ते कसं बोलायचं तेही द्यायचा. आणि त्याने लाकडावर बोटाने एकदा टक् केलं, की त्याचा अर्थ, थांब, आत्ता बोलू नको, लोकांना जरा राहू दे. त्या टक्‌वर भाळून मी त्याच्याशी लग्न केलं. तो गेला त्या वर्षी मी काम सोडलं. दुसऱ्याच्या आवाजावर माझं तोंडच उघडेना.

मोसमाचे चार महिने मुलगा नागपूरला माझ्या बहिणीकडे असायचा. आठवीत असताना वर्गातला एकजण माझ्याबद्दल काहीतरी घाण बोलला. याने त्याचं नाक फोडलं आणि मी मोसम संपवून परतले तेव्हा मला म्हणाला, "यानंतर शाळेत मावशीलाच पाठवत जा." पुढे प्रत्येक फॉर्मवर त्याने माझ्या नावासमोर 'गृहिणी' लिहिलं. परदेशात बढती मिळून मी शिक्षिका झाले. त्याला का लपवावंसं वाटतं ते मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी राग यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीत काही चोरीचं नव्हतं. मरायच्या आधी एकदा, चार मराठी माणसांसमोर, या मुलाने 'माझी आई नटी आहे' असं म्हणावं, एवढी एकच इच्छा माझी उरली होती. ती मी त्याला कधी बोलून दाखवली नाही. मागून घेतलेल्या टाळीला काय चव?

मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांसाठी आलेली मी तिथेच अडकले. सून तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती कामावरून आली की दारातच कपडे बदलून सरळ न्हाणीत जायची. मुलगा वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून दिवसभर कोणाला तरी 'कॅन यू हिअर मी' विचारत असायचा. आठ वर्षांची नात माझं सगळं मराठी समजून घ्यायची आणि उत्तर त्यांच्या त्या हेलाच्या इंग्रजीत द्यायची. मला बोलायला उरली शेजारीण. पंच्याहत्तरीची, ठेंगणी, हसरी बाई. मधल्या बुटक्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो, ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. मी काहीही म्हटलं तरी ती 'ग्रँड', म्हणजे मस्त, म्हणायची. नवराही माझ्याशी इतका सहमत नसायचा.

मे महिन्यात आमच्या कॉलनीत दर रविवारी दुपारी सगळे आपापल्या दारात बसून हाउजी खेळायचे. एकजण भोंग्यावर आकडे ओरडायचा. मग कोणी गाणं म्हणायचं, कोणी पेटी वाजवायचं. एका रविवारी शेजारणीने माझ्याकडे बोट केलं. नमनाला घडाभर तेल मी कधी घालत नाही. उठले, सुनेची शाल डोक्यावरून घेतली, सोफ्याची उशी काखेत मारली आणि कोंबडी विकायला निघालेली म्हातारी सुरू केली. ही माझी हुकमी नक्कल. म्हातारी गिऱ्हाइकाशी घासाघीस करते, भाव पटतो, आणि तेवढ्यात कोंबडी सुटते. उशी पुढे भिरकावत मी तिच्यामागे सगळ्या गाड्यांभोवती धावले. एक अक्षर कोणाला कळत नव्हतं, पण ज्या जागी आमच्या वडसा-ब्रह्मपुरीकडचे लोक हसायचे, नेमक्या त्याच जागी ते हसले. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. शेजारीण तर हसताना फोनवर चित्रीकरण करत होती, त्यामुळे ते सगळं हललेलं आलं.

वर बघितलं तर मुलाच्या खोलीची खिडकी बंद झाली होती. रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, इथे मला लोक ओळखतात गं."

"आता मलेही ओळखतात," मी म्हणाले. सुनेला ठसका लागला.

त्या हिवाळ्यात शेजारणीचा नवरा वारला. त्यांच्यात माणूस गेलं की घर भरून जातं, चहा-सँडविच होतात, लोक तासन्‌तास बसतात. पण तेव्हा कोणाच्या घरात जायला बंदी होती. शवपेटीची गाडी गेली तेव्हा आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे होतो. मला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं होतं, जेवली का विचारायचं होतं. ते काही झालं नाही, आणि त्याची टोचणी मला पुष्कळ दिवस राहिली.

२०२१च्या उन्हाळ्यात तीच शेजारीण भिंतीपलीकडून हाका मारत आली. तिची भाची सिनेमाच्या कामात होती. समुद्राकाठच्या एका गावात शूटिंग व्हायचं होतं आणि त्यांना एक म्हातारी भारतीय बाई हवी होती. शेजारणीने भाचीला तो कोंबडीचा हललेला व्हिडिओ पाठवून दिला होता. सिनेमातलं काम असं: आयरिश शेजारणीचा नवरा गेला आहे, आणि ही परकी म्हातारी भाताचं भांडं घेऊन तिच्या स्वयंपाकघरात येते आणि आपल्या भाषेत तिचं सांत्वन करते. मी ऐकलं आणि भिंतीलाच धरून उभी राहिले. हे काम मी फुकट केलं असतं, पैसे देऊनसुद्धा केलं असतं.

मुलगा म्हणाला, "आई, ते सगळीकडे दिसेल."

सून म्हणाली, "मग दिसू दे ना. सिनेमा आहे तो, एक्स-रे नाही." कागदपत्रांची भानगड तिनेच निस्तरली.

वाक्यं एकूण सहा. दिग्दर्शिका तरुण पोरगी होती, पण काटेकोर. कोणत्या वाक्यावर विधवेने मान वर करायची, कोणत्या वाक्यावर उठायचं, हे ठरलेलं, त्यामुळे मला पदरचं काही घालायची सोय नव्हती. इंग्रजी वाक्यं मुलाने मराठीत उतरवून दिली. वाचून मी म्हटलं, "ही बाई सांत्वन करते का नोटीस देते?" तो कागद घेऊन वर गेला. तासाभराने आणला तर सगळं आमच्या झाडीबोलीत, एकही चूक नाही. वीस वर्षांत त्याच्या तोंडून मी ती बोली ऐकली नव्हती.

"पाठ कर," तो म्हणाला.

"तू काळजी नोको करू," मी म्हणाले, आणि कागद फ्रिजवर चिकटवून टाकला.

पुढे जे झालं ती चूक पूर्ण माझी. तिथे प्रॉम्प्टर असेल का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. कोणाच्या घरी पाहुणं जाताना, तुमच्या घराला छप्पर आहे ना, असं कोणी विचारतं का?

शूटिंगच्या आदल्या दिवशी नाकात काडी घालून तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी सुनेची ड्यूटी होती म्हणून मुलाला मला घेऊन यावं लागलं. जुनं दगडी घर, त्यातलं स्वयंपाकघर, आणि त्यात मास्क लावलेली वीसेक माणसं. मला सुती साडी, वर लोकरीचा स्वेटर आणि हातात भाताचं भांडं दिलं. मेकअपच्या मुलीने माझं तोंड न्याहाळलं आणि डबा बंद केला. चोविसाव्या वर्षी ज्या सुरकुत्या रंगवायला तास लागायचा, त्या आता आयत्या होत्या.

दिग्दर्शिका 'ॲक्शन' म्हणाली. मी आत आले, भांडं ठेवलं, विधवेचं काम करणाऱ्या तिथल्या मोठ्या नटीसमोर बसले आणि सवयीप्रमाणे डावा कान जरा वळवून थांबले. वाक्य काही येईना. मी थांबूनच राहिले. 'कट.'

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. दिग्दर्शिका माझ्यासमोर उकिडवी बसून हळू आवाजात काहीतरी विचारायला लागली. मी विचारलं, "प्रॉम्प्टर कुठे आहे?" शब्द इंग्रजी, त्यामुळे सगळ्यांना कळला, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला तेव्हा उमगलं की इथे विंगच नाही. एका मुलाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची कल्पना काढली, पण माझा चष्मा त्या म्हातारीच्या नाकावर नव्हता. मुलाने सोबत आणलेला कागद घेऊन मी दोन वाक्यं घोकली. कॅमेरा सुरू झाला की तीही पुसली जायची. वाटलं, नवऱ्याबरोबर आपलं कामही सरणावर गेलं आणि आपल्याला ते इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन कळतंय.

मुलगा दारापाशी उभा होता. मास्कच्या वर त्याचे नुसते डोळे दिसत होते. मला वाटलं, आता हा म्हणणार, चल आई, घरी जाऊ. पण तो आत आला आणि दिग्दर्शिकेशी इंग्रजीत भराभर बोलायला लागला. माझी आई, माझे वडील, प्रॉम्प्टर, एवढे शब्द मला कळले. मग त्याने भिंतीतल्या उंच लाकडी कपाटाकडे बोट केलं. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात.

"आई, मी या प्रेसमध्ये बसतो," तो म्हणाला. आणि मग विचारलं, "बाबा डावीकडेच बसायचे ना?"

मी मान हलवली. दिवाळीच्या सुट्टीत तो कधीमधी आमच्याबरोबर मोसमाला यायचा, कपड्यांच्या पेटीवर बापाशेजारी पेंगत बसायचा. त्याने काही पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आवाज टिपणारा माणूस कुरकुरला, खोलीत दुसऱ्याचा आवाज चालणार नाही म्हणाला. मुलाने त्याला समजावलं, आधी माझं वाक्य, मग तिचं, दोन्ही एकमेकांवर येणार नाहीत, माझं तुम्ही नंतर कापून टाका. तो मानला. कपाटातल्या बशा बाहेर काढल्या, एक फळी उचकटली आणि माझा सहा फुटी, सिनियर इंजिनियर मुलगा घडी घालून त्यात बसला. दार बोटभर उघडं ठेवलं.

'ॲक्शन.'

मी बसले. कान वळवला. कपाटातून आवाज आला, "बाई, चूल काहून थंडी आहे वो?" कोरडा आवाज, ऑफिसच्या मीटिंगमधला. पण तो आला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. दुसऱ्या वाक्याला आवाजात जरा ओल आली. "तुहा मानूस गेला, चुलीनं काय केलं?" विधवेने मान वर केली. चौथ्या वाक्यापर्यंत त्याचा आवाज त्याच्या बापाचा झाला. तोच श्वास, शेवटचा शब्द तसाच खाली ठेवायची तीच रीत. मला भीती म्हणून उरली नाही. समोर बसलेली ती मोठी नटी राहिली नाही, ती माझी भिंतीपलीकडची शेजारीण झाली, आणि हिवाळ्यात राहून गेलेलं सगळं मी तिला सांगायला लागले.

"रडू नोको, असं मी म्हनत नाही," मी म्हणाले आणि सहाव्या वाक्यासाठी थांबले.

वाक्य आलं नाही. टक् असा लाकडावर बोटाचा आवाज आला.

मी थांबले. समोरच्या बाईचे डोळे भरत गेले, भरत गेले, आणि पहिला थेंब गालावर आल्यावर कपाटातून हळूच शब्द आले. मी ते उचलले, "रड. पन दोन घास खाऊन रड." ती उठली आणि तिने भांड्याचं झाकण काढलं.

'कट' म्हणताना दिग्दर्शिकेचा आवाज फाटला. मग टाळ्या पडल्या. वीस माणसांच्या टाळ्या त्या, पण दहा हजारांच्या मंडपातही मला इतकं भरून आलं नव्हतं. आवाजवाल्याने कानावरचं यंत्र काढून मला अंगठा दाखवला आणि तो टक् मी कापणार नाही म्हणाला, जुन्या घरात लाकूड वाजतंच. तिकडे मुलगा कपाटातून निघेना. पायाला गोळा आला होता. दोघांनी ओढून काढला तेव्हा त्याच्या केसांत कोळिष्टकं होती.

"कशी झाली?" मी विचारलं.

"ग्रँड," तो म्हणाला आणि नाक पुसायला बाहेर गेला.

परतताना मला वाटलं आता काही बोलेल. तो डिझेलच्या भावाबद्दल बोलला. मीही समजून घेतलं. कपाटात बसून बोलणं वेगळं, दिवाणखान्यात बसून बोलणं वेगळं.

पण माझी गाडी सुटली ती सुटलीच. त्या दिग्दर्शिकेने आणखी कोणाला सांगितलं, आणि सप्टेंबरात मला लोकरीच्या पांघरुणांच्या जाहिरातीत घेतलं. मग एका मालिकेत बसथांब्यावर भांडणारी म्हातारी मिळाली. प्रत्येक ठिकाणी आधीच सांगून ठेवायचं, बाई उत्तम आहे, पण सोबत प्रॉम्प्टर येतो. मुलगा रजा टाकायचा. कधी पडद्यामागे, कधी सोफ्याखाली, एकदा बसथांब्याच्या कचरापेटीमागे. जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा सुनेच्या वॉर्डातले पेशंट तिला माझी ख्यालीखुशाली विचारायला लागले. अठ्ठावीस वर्षं म्हातारी करून जे झालं नाही, ते खरी म्हातारी झाल्यावर झालं.

दिवाळीत आम्ही पुन्हा ब्युमॉन्टला गेलो. तेच घर, तीच माणसं, पावणेदोन वर्षांनी एकत्र आलेली. जेवणाच्या लाकडी टेबलावर फराळ मांडला होता. त्याच बाई माझ्या ताटलीत चकली वाढत म्हणाल्या, "काकू, ती पांघरुणाची ॲड बघितली हं! काय भारी केलंय! शाळेत गॅदरिंग तुम्हीच बसवायच्यात वाटतं?"

पळायला याहून चांगली वाट कोणी कोणाला दिली नसेल. मुलगा टेबलाच्या पलीकडे उभा होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी चकलीकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "आई कधीच शाळेत नव्हती. मी तेव्हा खोटं बोललो. माझी आई नटी आहे, झाडीपट्टीची. अठ्ठावीस वर्षं तिने स्टेज गाजवलंय."

कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. त्याच्या मित्राने विचारलं, "आणि तुझे बाबा?"

"बाबा तिचे प्रॉम्प्टर होते." त्याने हातातली ताटली टेबलावर ठेवली. "आता मी आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला खूप काही बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याने टेबलावर बोटाने एकदा टक् केलं.

मी थांबले.